मुळाच्या टोकाचं ऑपरेशन: या चुका टाळा

“डागदरसाहेब, काढूनच टाका नं दात. कायले येवढी कटकट?” यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. दाताचं रूट कॅनल झालेलं, वर कॅप बसलेली, तरी हिरडीवर पुळी येते. फुटते, तोंडात पू येतो, बसते, महिन्याभरानं पुन्हा हजर. गोळ्या घेतल्या की थांबतं आणि संपल्या की सुरू होतं. मी त्यांना कपाशीचं उदाहरण देतो: गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत शिरली की वरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. इथंही जंतू मुळाच्या टोकाशी दडलेले असतात. मग हिरडी उघडून, हाडात छोटी खिडकी करून मुळाचं टोक साधारण 3 मिमी कापायचं आणि कॅनल, म्हणजे मुळातली बारीक नळी, त्या टोकाकडून बंद करायचा. आम्ही याला एपिको म्हणतो.

पहिली चूक डॉक्टरांची, माझीही. पुळी दिसली की थेट एपिकोची चिठ्ठी. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा दोन कॅनल असतात आणि दुसरा बऱ्याचदा सुटतो. तसं असेल तर आधी रूट कॅनल पुन्हा करायचं. मी एकदा हे न बघता पेशंटला नागपूरला पाठवलं. तिथल्या मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, “सर, कॅप खालून गळतेय, पाहिली नाही का?” नव्हती पाहिली. कॅपखालून लाळ झिरपत असेल तर खालून कितीही सुबक बुजवा, वरून जंतूंची भरती चालूच राहते.

दुसरी चूक जुन्या अनुभवावरून कानाला खडा लावण्याची. “माझ्या साळ्याचं केलं होतं, वर्षभरात दात गेला.” गेला असेल. पूर्वी साध्या डोळ्यांनी, मोठ्या बरनं (ड्रिलच्या टोकानं), मूळ 45 अंशांत तिरकं कापून चांदी भरत. तिरक्या कापामुळे दातातल्या बारीक नळ्या जास्त उघड्या पडत आणि जिभेकडचा भाग नजरेआड राहून कॅनल सुटे. आता मायक्रोस्कोपखाली काप जवळजवळ सरळ घेतात, अल्ट्रासोनिक टोकानं मुळाच्या आत 3 मिमी खोल जागा करतात आणि एमटीए किंवा तसलं सिमेंट भरतात. 2010 साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या विश्लेषणात जुन्या पद्धतीचं यश 59 टक्के निघालं, मायक्रोसर्जरीचं 94. म्हणून जिथं जाल तिथं आधी विचारा, “मायक्रोस्कोप आहे का?” विचारायला लाजू नका, बियाणं घेताना विचारताच की.

पण 94 ऐकून हुरळूनही जाऊ नका, तो नीट निवडलेल्या दातांचा आकडा आहे. 2008 च्या एका अभ्यासात आजार फक्त मुळाच्या टोकाशी होता तिथं 95.2 टक्के यश आलं. हिरडीचा आजारही खाली उतरून त्याला मिळाला होता तिथं 77.5. समोरच्या दातांचं सहसा दाढांपेक्षा बरं जमतं, मुळाच्या टोकाशी झालेली लहान गाठ मोठीपेक्षा लवकर भरते. आणि मूळ उभं तडकलं असेल तर एपिको करूच नये. हिरडीभोवती सुई फिरवताना सगळीकडे 2-3 मिमी जाते आणि एकाच जागी एकदम 9 मिमी खाली उतरली, की मला तड्याची शंका येते. तडा नक्की झाला की तिथं मात्र “काढूनच टाका” म्हणणाऱ्याचं बरोबर असतं.

आता खर्रा. यावर बोललो की पेशंट पायाच्या अंगठ्याकडे बघतात. तंबाखू-चुना-सुपारीनं हिरड्या खराब होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरी अडचण वेगळीच: सुपारीनं गाल आतून कडक होतात, तोंड उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी जोडून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. दीडच बोट जात असेल तर मागच्या दाढेपर्यंत ना आरसा पोचतो ना हत्यार. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खर्रा सोडणाऱ्यांचा तो गाल एका दिवसात मऊ होत नाही.

ऑपरेशननंतरचा घोळ ठरलेला. घरी आला रे आला की माणूस ओठ वर उचलून आरशात टाके बघतो; मग शेजारी येतात, त्यांनाही दाखवतो. ओठ ताणला की टाका हिरडी फाडतो. बघू नका! सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, त्याला घाबरून गरम शेक देऊ नका. पहिल्या दिवशी बाहेरून थांबून थांबून बर्फ लावा. टाके सांगितलेल्या तारखेलाच काढा, वेचणी चालू असली तरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ऑपरेशनआधी सांगा, मनानं बंद करू नका.

सगळ्यात मोठी चूक एक्स-रेची. तीन महिन्यांत काळा डाग दिसला म्हणून ऑपरेशन फसलं असं नसतं. हाड हळू भरतं. पहिला खरा हिशोब वर्षानं करायचा. तेव्हाही शंका राहिली तर चार वर्षांपर्यंत वाट बघतात. कधी हाडाऐवजी तिथं व्रण राहतो, दात ठणठणीत असतो, पण फोटोत डाग कायम दिसतो. उलट, दुखत नाही म्हणून न येणाऱ्यांचा आजार गुपचूप वाढलेलाही मी पाहिला आहे.

आणि जुनी फिल्म जपून आणा, तिच्याशी तुलना केल्याशिवाय नव्या फोटोला अर्थ नाही. मागच्या कार्तिकात एक काकू वर्षभरानं न चुकता आल्या. पाकीट पदरात, घडीही पडलेली नाही. उघडलं तर स्टेपलरची पिन फिल्ममधूनच आरपार गेलेली, बरोबर मुळाच्या टोकावर. पिन माझ्याच कंपाउंडरनं मारली होती. आता आमच्याकडे पाकीट नुसतं दुमडून देतात.