फोनच्या बिलातील फसवणूक : कोल्हापूरच्या ग्राहकांनी टाळाव्यात अशा चुका

शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांचे हिशेब तपासताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे. वीजबिलाचा आकडा थोडा जरी वाढला तरी मालक दुसऱ्या दिवशी महावितरणच्या कार्यालयात जाऊन उभा राहतो. फोनचे आणि इंटरनेटचे बिल मात्र कोणी न वाचताच फाईलला लागते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "जाऊ दे की, साठ-सत्तर रुपयांसाठी कुठं भांडत बसायचं?" दूरसंचार क्षेत्रातील बिलांची फसवणूक उभी असते ती याच उत्तरावर. रक्कम इतकी लहान ठेवायची की ग्राहकाला तक्रारीचे श्रम त्याहून महाग वाटावेत, आणि ती इतक्या लोकांकडून घ्यायची की एकूण बेरीज कोट्यवधींची व्हावी.

अमेरिकेत ही पद्धत पुराव्यासह उघडकीस आली. राशिभविष्य, रिंगटोन, विनोद असल्या संदेशसेवा ग्राहकाने मागितलेल्या नसतानाही दरमहा साधारण ९.९९ डॉलर त्याच्या मोबाईल बिलात घातले जात होते. पैसे तिसऱ्याच कंपनीच्या नावाने आकारले जात, पण बिल देणारी दूरसंचार कंपनी त्यातला वाटा स्वतःकडे ठेवत असे. एटी अँड टीच्या बाबतीत हा वाटा किमान ३५ टक्के असल्याचे तिथल्या व्यापार आयोगाने म्हटले. ऑक्टोबर २०१४ मध्ये या कंपनीने १०.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षाअखेर टी-मोबाईलने किमान ९ कोटी डॉलर, तर मे २०१५ मध्ये व्हेरायझनने ९ कोटी आणि स्प्रिंटने ६.८ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ज्या सेवेतून आपल्यालाच वाटा मिळतो, ती सेवा ग्राहकाने खरोखर मागितली होती का, हे तपासण्याची घाई कोणत्या कंपनीला असेल?

बिलाची फक्त शेवटची ओळ वाचणे

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. माझ्या आत्याच्या प्रीपेड फोनमधून कित्येक महिने थोडे थोडे पैसे कमी होत होते. ती समजत होती की आपणच जास्त बोलतो. शेवटी संदेश उघडून पाहिले, तेव्हा एक भक्तिगीतांची सेवा तिच्या नावावर चालू असल्याचे दिसले. ती कधी सुरू झाली हे तिला सांगता येईना, आणि कंपनीच्या प्रतिनिधीलाही सांगता येईना.

याबाबतचा नियम स्पष्ट आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, जुलै २०१३ मध्ये दिलेल्या निर्देशानुसार अशी मूल्यवर्धित सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दुसऱ्यांदा स्वतंत्र खात्री घेणे बंधनकारक आहे, आणि अशा सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक ठेवलेला आहे. पण लोक सेवा बंद करतात आणि तिथेच थांबतात. बंद करण्याबरोबरच "माझी दुहेरी संमती कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने घेतली, ते लेखी कळवा" अशी मागणी करावी आणि कापलेले पैसे परत मागावेत. प्रीपेड असल्यामुळे आपल्याला बिलच मिळत नाही, हाही गैरसमज आहे. मागणी केल्यास प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशील ५० रुपयांपेक्षा जास्त शुल्क न घेता देण्याची तरतूद २०१२ च्या ग्राहक संरक्षण विनियमांत आहे.

नोंदीमागचा पुरावा मागायचा, हा लेखापरीक्षणाचा पहिला धडा आहे. २००२ मध्ये वर्ल्डकॉम ही अमेरिकी दूरसंचार कंपनी कोसळली तीही याच प्रश्नामुळे. इतर कंपन्यांच्या तारा वापरण्यासाठी दिलेले पैसे हा रोजचा खर्च असतो. वर्ल्डकॉमने तो भांडवली खर्च म्हणून, म्हणजे अनेक वर्षांत विभागून दाखवायचा खर्च म्हणून, दाखवून नफा फुगवला होता. सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण पथकाने अशा काही नोंदींचे आधार मागितले आणि ते कोणाला देता आले नाहीत. सुरुवातीला ३८० कोटी डॉलरचा वाटलेला हा घोटाळा अखेर सुमारे १,१०० कोटींपर्यंत गेला आणि प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. आपल्या पन्नास रुपयांच्या नोंदीलाही आधार मागण्याचा आपल्याला तितकाच हक्क आहे.

२८ दिवसांना महिना समजणे

हिशेब सोपा आहे. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. "महिन्याचा" म्हणून घेतलेला २८ दिवसांचा पॅक वर्षातून बारा वेळा नव्हे, तेरा वेळा भरावा लागतो. ही बेकायदा फसवणूक नाही, मुदत पॅकवर लिहिलेली असते. तरीही दोन पॅकची तुलना करताना एका दिवसाचा दर न काढणे ही चूकच आहे. ग्राहकांच्या तक्रारींनंतर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवस मुदतीचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारे पर्यायही ठेवण्यास सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये तर इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी केवळ बोलणे आणि संदेश एवढेच असलेले पॅक देणे बंधनकारक झाले. घरातील वृद्धांसाठी रिचार्ज करताना दुकानदार हे पॅक आपणहून दाखवील असे गृहीत धरू नये. नाव घेऊन मागावेत.

कारखान्याच्या बिलात गेलेल्या माणसांचे नंबर

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी बिल ओळीने वाचायला बसलो, तेव्हा चौदा जोडण्यांपैकी तीन अशा माणसांच्या नावे निघाल्या, जी नोकरी सोडून गेली होती. दोन जोडण्या बंद करण्याची विनंती मालकाने फोनवरून केली होती, "झालं साहेब" असे उत्तरही मिळाले होते, पण त्या विनंतीची कसलीच नोंद कोणाकडे नव्हती. वर्षभराचे पैसे गेले. त्यामुळे जोडणी बंद करण्याची विनंती नेहमी ईमेलने करावी, पोच घ्यावी आणि पुढच्या बिलात तो नंबर नाहीसा झाला का, हे पाहावे.

याच बिलावर आणखी एक गोष्ट तपासावी. दूरसंचार सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक नसेल किंवा चुकीचा असेल, तर त्या कराचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या देय करातून वजावट, घेता येत नाही, आणि हा तोटा कोणाच्याही लक्षात येत नाही. तसेच नवा प्लॅन घेतल्यापासून सहा महिने त्यातील दर ग्राहकाला तोट्याचे होतील असे वाढवता येत नाहीत. मध्येच प्लॅनचे मासिक भाडे वाढले असेल तर विचारणा करावीच.

स्वयंचलित भरणा आणि विसरून जाणे

गुजरातमधील एका ग्राहकाचे पोस्टपेड बिल सरासरी ५५५ रुपये येत असे. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या महिन्याचे बिल २४,६०९ रुपयांवर गेले, आणि त्याचा भरणा क्रेडिट कार्डवरून आपोआप होण्याची सोय त्याने केलेली होती. स्वयंचलित भरणा सोयीचा आहे हे खरे, परंतु त्यात वरची मर्यादा घालून ठेवावी, आणि पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी येणारी बँकेची सूचना वाचल्याशिवाय पुसू नये. दुबईला किंवा अन्य परदेशी जाताना विमानात बसण्यापूर्वीच मोबाईल डेटा बंद करावा, नाहीतर उतरताच फोन तिथल्या जाळ्यावर आपसूक डेटा खर्च करू लागतो.

दुकानात न वाचता दिलेला अंगठा

सिमकार्ड घेताना किंवा पडताळणी करताना बोट ठेवणे ही संमती असते. प्रश्न एवढाच, की कशाची. २०१७ मध्ये एअरटेलच्या ग्राहकांची आधार पडताळणी होत असताना त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेल्याचे आणि गॅसचे अनुदान त्या खात्यांत वळल्याचे उघड झाले. आधार प्राधिकरणाने डिसेंबर २०१७ मध्ये एअरटेलचा पडताळणीचा परवाना स्थगित केला आणि रिझर्व्ह बँकेने मार्च २०१८ मध्ये पेमेंट्स बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात असो की गांधीनगरच्या बाजारात, पडद्यावर काय लिहिले आहे ते विचारल्याशिवाय बोट ठेवू नये आणि ओटीपी सांगू नये. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत, हे केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते. त्यात अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवावे.

चुकीच्या दारात तक्रार

बहुतेक रागावलेले ग्राहक थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय नियम करते, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे महिने वाया जातात. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवावी आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्यावा. तो क्रमांक नसेल, तर पुढच्या पायरीवर तुमची तक्रार अस्तित्वातच नाही असे मानले जाते. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत देणे आवश्यक आहे. या काळात वादातील बिल न भरता गप्प बसणे हीही चूक आहे, कारण थकबाकीमुळे नंबर दुसऱ्या कंपनीत नेणे अडते. वाद नसलेली रक्कम भरावी आणि उरलेल्या रकमेवरील आक्षेप लेखी कळवावा.

दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत, असे आजही काही प्रतिनिधी सांगतात. त्या गुजरातच्या ग्राहकाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी हा समज दूर केला. आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असो वा मुंबईत, कागद कोल्हापुरातच दाखल होतात, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्या फाउंड्रीच्या मालकाने आता पहिल्या चुकीच्या बिलावर पेनाने तारीख आणि डॉकेट क्रमांक लिहून ते स्वतंत्र फाईलला लावायला सुरुवात केली आहे.