कुशीवर झोपूनही घोरणं थांबत नाही? या चुका टाळा

"अहो, कूस बदला ना." आमच्या घरात दोन वर्षं हे वाक्य रोज रात्री किमान चार वेळा म्हटलं गेलं. हे कूस बदलायचे, दहा मिनिटं शांतता, की पुन्हा सुरू. इंदूरला रामबागेतलं जुनं घर, दोन खोल्यांच्या मधे लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळे पलीकडे सासूबाईंचीही झोपमोड. "कुशीवर झोपवून पाहिलं, काही उपयोग नाही," असं मी सगळ्यांना सांगत होते. पण उपाय चुकीचा नव्हता, आम्ही तो चुकीचा करत होतो. तेच इतरांचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

उताणं झोपलं की जिभेचं मूळ, मऊ टाळू आणि पडजीभ आपल्याच वजनाने मागे घशाकडे सरकतात. झोपेत तिथले स्नायू सैल असतात, त्यामुळे हवेची वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जोरात जाते, सैल भाग थरथरतात आणि आवाज येतो. कुशीवर असताना जीभ मागे न पडता गालाच्या बाजूला कलते. उपायामागचं कारण एवढंच आहे.

न तपासता उपाय सुरू करणं

घोरणाऱ्या प्रत्येकाला कूस बदलून फायदा होत नाही. म्हणून आधी पाहायचं की त्रास पाठीवर असतानाच होतो का. मी काही रात्री मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला, आणि जाग येईल तेव्हा वहीत लिहिलं: वेळ, पाठ की डावी की उजवी, आवाज किती. चौथ्या-पाचव्या दिवशी चित्र स्पष्ट झालं. पाठीवर मोठा आवाज, उजव्या कुशीवर जवळजवळ शांत, डाव्या कुशीवर किंचित. तुमच्या वहीत तिन्ही बाजूंना सारखाच आवाज दिसला, तर पुढे सांगितलेल्या उशा आणि बॉल यांत वेळ न घालवता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

रेकॉर्डिंगचा पहिला अर्धा तास ऐकून निष्कर्ष काढू नका. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि त्या वेळी स्नायू सर्वांत सैल पडतात. पहाटे 3 ते 5 मधलं मुद्दाम ऐका.

उशीवर उशी

ही चूक मला सर्वांत मोठी वाटते, कारण ती करणाऱ्याला आपण उपायच करतोय असं वाटत असतं. डोकं उंच केलं की घोरणं कमी होतं असं कुणीतरी सांगतं, आणि आपण दोन उशा देतो. त्याने फक्त मान वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि घशाची वाट आणखी दुमडते. उंची द्यायची तर कमरेपासून वरच्या सगळ्या धडाला द्या. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेवली की काम होतं. वीट हलत नाही ना, एवढं पाहा.

कुशीवर झोपणाऱ्याच्या उशीचं माप वेगळं. खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंत जेवढं अंतर, तेवढी दाबलेली उशी जाड हवी. आमची सावरीच्या कापसाची उशी दिसायला फुगलेली, पण डोकं ठेवलं की दोन बोटं उरायची. डोकं खाली लटकायचं, मान अवघडायची आणि शरीर आपोआप पाठीवर यायचं. चादरीची घट्ट घडी उशीखाली घातली आणि त्याच रात्री फरक जाणवला. मागून पाहिलं तर डोकं, मान आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत दिसायला हवेत.

गादीतली खळगी

जुन्या कापसाच्या गादीत वर्षानुवर्षं एकाच जागी झोपून खड्डा पडतो. निवारीचा पलंग सैल झाला तरी तेच. खड्ड्यात कुशीवर टिकताच येत नाही, माणूस गडगडून उताणा होतो. गादी पिंजून घ्या, निवार आवळा. तोवर सतरंजीवर एक पातळ गादी टाकून जमिनीवर झोपून पाहा.

बॉल लावला, आठवड्यात काढला

बनियनच्या पाठीला टेनिस बॉल शिवायचा उपाय अनेकांनी ऐकलेला असतो. उताणं व्हायला गेलं की बॉल टोचतो आणि माणूस परत कुशीवर वळतो. युक्ती खरी आहे, पण टिकत नाही. ऑस्ट्रेलियात हा उपाय दिलेल्या रुग्णांचा 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. सरासरी अडीच वर्षांनी विचारलं तेव्हा दहा टक्क्यांपेक्षाही कमी लोक बॉल वापरत होते. म्हणजे कंटाळणारे तुम्ही एकटे नाही.

आम्हीही कंटाळलो. आधी बॉल नुसता चादरीवर ठेवला, तो घरंगळून पलंगाखाली गेला. मग कमरेपाशी शिवला, तिथे कंबर दुखायला लागली. जागा हवी ती दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधे, आणि बनियन अंगासरशी हवं, ढगळ नको. यांना शेवटी बॉल सोसलाच नाही. त्याऐवजी लहान मुलाच्या शाळेच्या जुन्या दप्तरात दोन टॉवेल कोंबून पाठीला अडकवले, आणि पुढून मिठीत घ्यायला एक लांब लोड दिला. पाठीमागे अडथळा आणि पुढे आधार, दोन्ही असले की कूस टिकते. नुसता अडथळा ठेवला तर झोप मोडते.

खांदा दुखतो म्हणून बरेच जण सोडतात. खालचा हात अंगाखाली दाबून झोपू नका. खालचा खांदा थोडा पुढे ओढून घ्या, म्हणजे भार पाठीच्या बाजूला जातो. दोन गुडघ्यांच्या मधे पातळ उशी ठेवली की कंबरही पिळवटत नाही. नव्या सवयीला तीन-चार आठवडे द्या.

रात्री उशिरा सराफा

आपल्या इंदुरात पाहुणा आला की सराफ्याची फेरी ठरलेली. सोन्याची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याची मांडणी सुरू होते, आणि थंडीत गरम गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, सोडवत नाही. खा जरूर, पण घरी येऊन लगेच आडवे होऊ नका. भरल्या पोटी आम्ल वर येतं, घशाला सूज येते. आम्लाचा त्रास असेल तर डावी कूस बरी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. त्या रात्री कूस कमी पडते. नाक चोंदलेलं असेल तर तोंड उघडून श्वास घेतला जातो आणि जीभ मागे जाते, म्हणून आधी नाक मोकळं करा.

आवाज थांबला, म्हणजे आजार गेला असं समजणं

इथे मी आग्रहाने थांबते. घोरताना मधेच श्वास थांबणं, मग गुदमरल्यासारखा हुंदका, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या जागी डुलकी, ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणं आहेत. आवाज कमी होऊनही श्वास थांबत राहू शकतो. 10 सेकंद किंवा जास्त वेळ थांबलेला किंवा खूप मंदावलेला श्वास मोजला जातो. असं तासाला 5 वेळांच्या आत झालं तर ठीक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र.

स्लीप स्टडीचा, म्हणजे रात्रभर झोपेत केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: पाठीवरचा आकडा किती आणि कुशीवरचा किती? समजा एकूण आकडा 14 आहे, पण पाठीवर 30 आणि कुशीवर 5, तर ती सरासरी दिशाभूल करते. पाठीवरचा आकडा कुशीवरच्या किमान दुप्पट असेल तर त्रास झोपण्याच्या स्थितीशी जोडलेला आहे, ही व्याख्या झोपेच्या अभ्यासक रोझालिंड कार्टराइट यांच्या 1984 च्या कामापासून चालत आली आहे. अ‍ॅप्निया असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण या गटात मोडतात. तपासणीच्या रात्री पूर्ण वेळ कुशीवरच झोपलात तर खरा त्रास रिपोर्टात उतरणारच नाही, हेही डॉक्टरांना सांगा. आणि हवेच्या दाबाचं मशीन दिलेलं असेल तर कुशीवर बरं वाटतं म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका.

कुणासाठी हे नाही

एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना नेहमी उताणंच ठेवा. त्याला कुशीवर लावून उशी-लोड देणं धोक्याचं आहे. मोठी मुलं रोज घोरत असतील तर टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते, डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणात नव्याने घोरणं सुरू झालं तर ते तपासणीच्या वेळी सांगा, रक्तदाब पाहिला जाईल.

आमच्याकडे आता दप्तर सुटलं आहे, लोड राहिला आहे. महिन्यातून एका रात्री मी मोबाइल उशाशी लावून ठेवते आणि सकाळी चहा घेताना आम्ही दोघं पहाटेचा तो तासभर ऐकतो.