सायकलचा क्रँक मोकळा फिरतोय? कॉटर पिन अशी बसवा

पायडल मारलं आणि पाय नुसताच खाली गेला, तर हत्यारं काढण्याआधी नीट बघा. दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) फिरतायत, चेनही पळतेय, पण मागचं चाक ढिम्म हलत नाही? मग दोष फ्रीव्हीलच्या कुत्र्यांचा, म्हणजे मागच्या दातेरी चक्रातल्या, चाकाला पकडणाऱ्या छोट्या खिट्ट्यांचा. रॉकेल किंवा डिझेल सोडून मळ बाहेर काढा, वर पातळ तेलाचे दोन थेंब. तरीही कुत्रे उठले नाहीत तर फ्रीव्हील सरळ बदला.

एकच क्रँक गरगरतोय, किंवा दर फेऱ्याला टक्‌ करून घसरतोय? मग कॉटर पिन, म्हणजे क्रँकला मधल्या एक्सलवर पकडून ठेवणारी पाचरीसारखी पिन, झिजली किंवा पडली. दांड्याच्या जुन्या काळ्या सायकलीचा हा नेहमीचाच आजार. त्यावर लोक पत्र्याची पट्टी घालायला सांगतात, ती बाजारापर्यंतही टिकत नाही. वेल्डिंग सुचवणाऱ्याच्या हाती तर सायकल देऊच नका. वेल्डिंग केलं की क्रँक एक्सलवरून कधीच उतरत नाही आणि आतले छर्रे बदलायची वाट बंद होते.

जुनी पिन काढताना नट आट्यांच्या टोकाशी सपाट येईपर्यंतच सैल करा आणि वरून हातोडी मारा. वीस हलक्या ठोक्यांपेक्षा एक जोरकस ठोका बरा, हलक्यांनी पिनचं टोक नुसतं पसरतं. जुनी पिन दुकानात घेऊन जा. पिना 9 मिमीच्याही असतात आणि 9.5 मिमीच्याही, अर्धा मिमी डोळ्याला कळत नाही.

आता खरं काम. पिनच्या एका बाजूला उतरता सपाट भाग असतो, तो एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकला पाहिजे. दुकानातून आणलेली पिन क्वचितच तशी बसते. हलकेच ठोकून बसवा, परत काढा आणि सपाटीवर चमकलेली खूण बघा. खूण एकाच कडेला असेल तर पिन तेवढ्यावरच टेकतेय, चार दिवसांत पुन्हा खुळखुळणार. चमकलेला भाग कानशीने घासा, पण उतार मोडू नका आणि कडा गोल करू नका. दोन-तीन हात, मग पुन्हा बसवून बघा. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया. फार घासलं की पिन आरपार सरकते, नट आट्यांच्या शेवटाला अडतो आणि ती पिन भंगारात जाते. कमी घासलं तर वायसर आणि नट लावण्याइतके आटेच बाहेर येत नाहीत.

दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट घाला. क्रँक आडवे धरले की एका बाजूचा नट वर, दुसऱ्या बाजूचा खाली दिसला पाहिजे. दोन्ही नट वरच आले तर पायडलं एका रेषेत राहत नाहीत, चालवताना पाय लंगडतो.

ठोकताना क्रँकखाली टेकू हवाच. अर्ध्या इंची लोखंडी पाइपचा तुकडा असा कापा की तो जमिनीवर उभा केला की त्याचं तोंड क्रँकच्या भोकाखाली घट्ट टेकेल आणि पिनचं टोक पाइपमध्ये उतरेल. टेकू नसेल तर प्रत्येक ठोका छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर बसतो, आणि महिन्याभरात तिथून करकर ऐकू येते. काढतानाही हाच पाइप लावा.

पिन नटाने ओढून बसवू नका! हे मला प्रत्येकाला ओरडून सांगावं लागतं. बारीक आटे लगेच मरतात. बसवायचं काम हातोडीचं, नट फक्त पिन मागे सरकू नये म्हणून. गावात एक फेरी मारून या, पुन्हा एक ठोका द्या, नट जरा आवळा.

गिअरच्या नव्या सायकलींना कॉटर नसते, तिथे बहुतेक वेळा क्रँक चौकोनी एक्सलवर बोल्टने बसतो. तो वेळीच आवळा. सैल क्रँक तसाच चालवला की अ‍ॅल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल होत जातं, आणि मग नवा क्रँक घेण्यावाचून इलाज नाही.