राज्य जीएसटीच्या नोटिशीला उत्तर कसे द्यावे

ऑडिटची (जीएसटी विभागाने करायच्या हिशेब-तपासणीची) सूचना एडीटी-०१ या फॉर्मने येते. ऑडिट सुरू होण्याआधी कामकाजाचे किमान १५ दिवस मिळायलाच हवेत. कमी असतील तर लेखी मुदत मागा. शेवटी येणारा एडीटी-०२ हा फक्त निष्कर्षांचा अहवाल असतो. त्यावरून वसुली होत नाही. कर खरोखर राहिला असेल तेवढा व्याजासह डीआरसी-०३ या स्वतःहून कर भरण्याच्या फॉर्मने भरा. ‘भरून मोकळे व्हा’ हा सल्ला मात्र ऐकू नका, एकदा भरलेले पैसे परत मिळवणे महाकठीण असते.

खरी कसोटी डीआरसी-०१ या कर-मागणीच्या नोटिशीची. जीएसटी पोर्टलवर टाकलेली नोटीसही बजावलेली धरली जाते, म्हणून नोटिसांचे आणि ‘अतिरिक्त’ नोटिसांचे असे दोन्ही विभाग दर आठवड्याला उघडा. उत्तर डीआरसी-०६ फॉर्ममध्ये, मुदतीत. ‘मागणी अमान्य’ एवढ्या एका ओळीने काहीही साधत नाही. तक्ता करा: नोटिशीतला मुद्दा, रक्कम, तुमचे म्हणणे, पुराव्याचा क्रमांक. २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून तुम्हाला मिळणारी कराची वजावट) आणि ३बी (तुम्ही भरलेले विवरणपत्र) मधला फरक काढला असेल तर पुरवठादारनिहाय बिले लावा आणि कोणते बिल त्याने पुढच्या कोणत्या महिन्यात दाखवले ते लिहा. नुसती एकूण बेरीज दिली की अधिकारी ती पडताळू शकत नाही आणि मागणी जशीच्या तशी कायम होते.

त्याच फॉर्ममध्ये वैयक्तिक सुनावणीचा पर्याय असतो. तिथे ‘होय’च निवडा. प्रकरण लवकर मिटेल म्हणून कित्येक सल्लागार ‘नाही’ करतात. हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ७५(४) नुसार विरोधी आदेश द्यायचा असेल तर न मागताही सुनावणी द्यावी लागते, पण ‘नाही’ लिहिल्यावर तो हक्क मिळवायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. सबळ कारण असेल तर तहकुबी मिळते, जास्तीत जास्त तीनदा. सुनावणीत बोललेले सगळे लेखी द्या, पोच घ्या. आदेशातली रक्कम नोटिशीपेक्षा जास्त असेल किंवा कारण नवेच असेल, तर त्याला मनाई करणारे कलम ७५(७) दाखवा.

डीआरसी-०७ हा मागणीचा आदेश आला की अपिलाला तीन महिने. त्यापुढे सबळ कारण असेल तरच एक महिना. वादातल्या कराच्या १० टक्के भरून अपील दाखल केले की उरलेली वसुली थांबते. तीन महिन्यांच्या आत वसुली करायची तर अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात. हप्ते हवे असतील तर डीआरसी-२० चा अर्ज, कमाल २४ मासिक हप्ते, व्याजासह. स्वतःच्या विवरणपत्रात दाखवून न भरलेल्या कराला मात्र हप्ते मिळत नाहीत, आणि त्याची वसुली नोटिशीशिवाय थेट होऊ शकते.