स्ट्रिंगवरचे रेंज अपडेट: अक्षरांना शेवटपर्यंत हात लावू नका

लीटकोड या प्रोग्रामिंगच्या सरावाच्या साइटवर २३८१ क्रमांकाचा प्रश्न आहे, ‘शिफ्टिंग लेटर्स टू’. इंग्रजी लहान अक्षरांची एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, आणि सोबत बरेच अपडेट मिळतात. प्रत्येक अपडेट म्हणतो, या इंडेक्सपासून त्या इंडेक्सपर्यंतची (इंडेक्स म्हणजे ० पासून मोजलेली जागा) अक्षरं वर्णमालेत एक घर पुढे किंवा मागे सरकवा. झेडच्या पुढे पुन्हा ए, एच्या मागे झेड. शेवटची स्ट्रिंग सांगायची.

पहिल्यांदा सुचतं ते लूपमध्ये लूप. पण स्ट्रिंग ५०,००० अक्षरांची आणि अपडेटही ५०,००० असू शकतात. प्रत्येक अपडेट पूर्ण लांबीचा निघाला तर २५० कोटी बदल! टाइम लिमिट तिथेच ओलांडली जाते.

एसटीच्या प्रवाशाचं उदाहरण घ्या. तो कुठे चढला आणि कुठे उतरला एवढं कळलं की पुरे. मधल्या प्रत्येक थांब्यावर त्याला मोजायची गरज नाही. अपडेटचंही तसंच. त्याची फक्त दोन टोकं नोंदवायची.

१. स्ट्रिंगपेक्षा एक घर जास्त असलेला, शून्यांनी भरलेला अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची यादी, घ्या. त्याला ‘फरक’ म्हणू.

२. प्रत्येक अपडेटसाठी दोनच ओळी. पुढे सरकवायचं तर किंमत १, मागे तर –१:

फरक[डावा] += किंमत
फरक[उजवा + १] –= किंमत

‘उजवा + १’ विसरू नका. उजवं टोकही रेंजमध्ये येतं, म्हणून प्रवासी त्याच्या पुढच्या थांब्यावर उतरतो. एक जादा घर ठेवलं ते यासाठीच.

३. आता डावीकडून बेरीज करत चला. जिथे पोचलात तिथली बेरीज म्हणजे त्या अक्षराचं एकूण सरकणं.

हे एकदा वहीत करून बघाच. स्ट्रिंग: ए, बी, सी, वाय, झेड, म्हणजे ०, १, २, २४, २५. अपडेट तीन: १ ते ३ पुढे, २ ते ४ पुढे, ० ते १ मागे. फरक होतो –१, १, २, ०, –१, –१. चालती बेरीज –१, ०, २, २, १. शेवटचं जादा घर सोडून दिलं.

४. अक्षराच्या आकड्यात ती बेरीज मिळवा आणि २६ ने भागून बाकी घ्या. वरच्या उदाहरणात उत्तर येतं झेड, बी, ई, ए, ए.

खरी ठेच इथेच लागते. पायथनमध्ये –१ ची बाकी २५ येते, पण सी प्लस प्लस आणि जावामध्ये –१ च राहते. नुसते २६ मिळवणंही पुरत नाही, कारण बेरीज –५०,००० पर्यंत जाऊ शकते. म्हणून आधी बाकी घ्या, तिच्यात २६ मिळवा आणि पुन्हा बाकी घ्या.

काम लांबी अधिक अपडेट, म्हणजे साधारण १ लाख पावलांत उरकतं.

अपडेट चालू असतानाच मधे ‘आत्ता सातवं अक्षर कोणतं?’ असं विचारलं तर मात्र ही युक्ती पुरत नाही, कारण बेरीज शेवटी एकदाच होते. तिथे याच फरकावर फेनविक ट्री बसवा, म्हणजे बदल आणि सुरुवातीपासूनची बेरीज दोन्ही झटपट करणारी रचना. दोन टोकांच्या नोंदी त्याच राहतात.