माऊस आपल्याच हातात ठेवा : तंत्रज्ञानाला बिचकणाऱ्या शिक्षकांसाठी

चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग नुसत्या नजरेने शांत करणारे अनुभवी शिक्षकही शिक्षककक्षातल्या संगणकासमोर बसताना कोणी पाहत तर नाही ना, याची आधी खात्री करून घेतात. इतकी वर्षे शिकवूनही एवढी साधी गोष्ट येत नाही, असे कालपरवा रुजू झालेल्या सहकाऱ्यासमोर किंवा सातवीतल्या मुलांसमोर उघड होईल, ही खरी धास्ती असते; यंत्राचे भय बहुतेक वेळा नंतरचे. त्यामुळे शिकण्याचा क्रमही तसाच ठेवावा. आधी एकट्याने, मग एका विश्वासू सहकाऱ्याबरोबर आणि त्यानंतर गटात. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणे नेमकी उलट्या क्रमाने, म्हणजे भरलेल्या सभागृहापासून सुरू होतात.

हे टाळत राहणे आता फारसे शक्यही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास पूर्ण करणे अपेक्षित आहे. २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांतून सुरू झालेले शिक्षकांसाठीचे ‘निष्ठा’ हे राष्ट्रीय प्रशिक्षणही टाळेबंदीच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, दीक्षा या शासनाच्या शैक्षणिक व्यासपीठावर ऑनलाइन आले.

पहिली पायरी म्हणून कागदावर दोन रकाने आखावेत : मागे घेता येणाऱ्या गोष्टी आणि मागे न घेता येणाऱ्या गोष्टी. टंकलेला मजकूर चुकून पुसला गेला तर कंट्रोल आणि झेड ही बटणे एकत्र दाबताच तो परत येतो. गुगल ड्राइव्हमधून काढून टाकलेली फाइल ३० दिवस कचरापेटीत राहते आणि तोपर्यंत ती परत आणता येते. चुकीचे पान उघडले तर ते बंद करावे, एवढेच. दुसऱ्या रकान्यातील गोष्टी मोजक्या, पण गंभीर आहेत : कोणाला सांगितलेला ओटीपी, मोठ्या गटात गेलेले विद्यार्थ्यांचे छायाचित्र किंवा आधार क्रमांक, आणि शासकीय पोर्टलवर अंतिम म्हणून सादर केलेली माहिती. या ठिकाणी थांबून, दोनदा वाचून, गरज पडल्यास विचारूनच पुढे जावे. आणि फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. एकदा ही विभागणी स्पष्ट झाली की पहिल्या रकान्यात मनसोक्त चुका करण्याची मोकळीक मिळते.

त्यानंतर एकच काम निवडावे, आणि तेही आपल्याला खरोखर लागणारे. ‘संगणक शिकायचा आहे’ हा संकल्प फार मोठा ठरतो. ‘पुढच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मी स्वतः टंकणार आहे’ हा पेलवतो. मराठी टंकलेखनाची धास्ती वाटणाऱ्यांनी सुरुवात मोबाइलवर करावी. जीबोर्ड या गुगलच्या मोबाइल कळफलकात मराठी भाषा जोडली की मायक्रोफोनच्या चिन्हावर बोट ठेवून बोललेले वाक्य पडद्यावर उमटते, आणि विरामचिन्हे व जोडाक्षरे तेवढी हाताने दुरुस्त करावी लागतात. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. शाळेच्या जुन्या संगणकांवर छपाईसाठी वापरले जाणारे जुने फाँट अजून आढळतात. त्यांत टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसतात आणि दोष आपलाच, असे वाटू लागते. तो दोष आपला नसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात, टंकलेला मजकूर मोबाइल, संगणक, ई-मेल सगळीकडे सारखाच दिसतो, म्हणून सुरुवातीपासून तोच आग्रह धरावा.

ऑनलाइन बैठकीची भीतीही एकट्यानेच घालवता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. गुगल मीटवर नवीन बैठक सुरू करून कोणालाही दुवा न पाठवता आत जावे. त्या रिकाम्या खोलीत माइक चालू-बंद करावा, कॅमेरा लावून पाहावा, आपला पडदा इतरांना दाखवण्याचे (स्क्रीन शेअर) बटण दाबावे. पडदा दाखवताना संपूर्ण पडदा न निवडता हवी ती एकच खिडकी (विंडो) निवडण्याची सवय इथेच लावून घ्यावी, नाहीतर अपूर्णांक समजावताना सोसायटीच्या पाणीपट्टीचा संदेश साऱ्या बैठकीला वाचायला मिळतो.

आता सहकाऱ्याकडे वळावे. इथे एकच नियम आहे आणि तो कसोशीने पाळावा : शिकवणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही. शाळेत मदत मागितली की होते ते असे. तरुण सहकारी उत्साहाने पुढे येतात, ‘थांबा बाई, मी करून देतो’ म्हणतात, चार ठिकाणी झपाट्याने क्लिक करतात आणि काम झालेले असते. बाईंच्या पदरी पडते ती फक्त आपल्याला हे जमणार नाही याची आणखी एक खात्री. ‘हे मला जमेल’ हा विश्वास कशातून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केली. तिच्यात स्वतः काम पार पाडल्याच्या अनुभवाला त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले, आणि तोंडी प्रोत्साहनाला त्याहून बरेच दुबळे मानले. म्हणून स्पष्ट सांगावे : ‘सर, तुम्ही शेजारी बसा आणि नुसते सांगा, माऊस माझ्याकडेच राहू द्या.’ प्रत्येक पायरी आपल्या शब्दांत वहीत उतरवावी आणि दुसऱ्या दिवशी सर शेजारी नसताना त्या वहीवरून तेच काम पुन्हा करावे. वहीत पासवर्ड मात्र लिहू नये, आणि शाळेच्या सामाईक संगणकावरून उठण्यापूर्वी आपले खाते आठवणीने बंद करावे.

सहयोगाचा पहिला प्रयोग म्हणून एकाच प्रश्नपत्रिकेवर दोघा-तिघांनी काम करणे सर्वांत सोयीचे ठरते. गुगल डॉक्समध्ये नवीन दस्तऐवज उघडून ‘शेअर’ या बटणावरून सहकाऱ्यांचे ई-मेल पत्ते घालावेत. तिथे तीन प्रकारची परवानगी देता येते : ‘व्ह्यूअर’ फक्त वाचू शकतो, ‘कमेंटर’ समासात सूचना लिहू शकतो आणि ‘एडिटर’ मजकूर बदलू शकतो. नवख्या गटाने पहिल्या वेळी सर्वांना ‘कमेंटर’च ठेवावे. आपण रात्री डोंबिवलीला घरी बसून चौथा प्रश्न लिहितो, सकाळच्या सत्रातील सहकारी विरारच्या गाडीत तो वाचतात आणि त्याच ओळीच्या समासात ‘आकृती दिल्यास बरे होईल, गुण दोनच ठेवावेत’ असे नोंदवतात. सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांमध्ये जिन्यावरच्या ओझरत्या भेटीत जे बोलून होत नाही, ते असे होते. पुढे सर्वांना ‘एडिटर’ केल्यावर कोणाकडून अर्धे पान पुसले गेले, तरी फाइल मेनूतील ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडावी. कोणी केव्हा काय बदलले, ते तिथे दिसते आणि आधीची प्रत परत आणता येते. हे मुद्दाम एकदा करून पाहावे. चार ओळी पुसाव्यात आणि परत आणाव्यात. नुसते ऐकून येणारा धीर आणि असे करून पाहिल्यावर येणारा धीर यांत मोठे अंतर आहे.

मुंबईत या सोयीचा एक खास उपयोग आहे, आणि तो फार कमी घेतला जातो. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते, आणि अनेकदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमे नांदतात. बालभारतीचे गणिताचे पुस्तक निरनिराळ्या माध्यमांत निघत असल्याने अपूर्णांकांच्या बेरजेत मुले कुठे अडखळतात, हा प्रश्न खालच्या मजल्यावरच्या उर्दू शाळेतील शिक्षिकेचाही असतो. एक सामाईक स्प्रेडशीट उघडून त्यात घटक, मुलांची नेमकी चूक आणि कोणत्या उदाहरणाने ती सुटली, असे तीन स्तंभ ठेवले तर पुढच्या वर्षी दोघींच्याही कामी येईल असा ऐवज जमतो. लिपीची अडचण वाटल्यास वहीतील सोडवलेल्या उदाहरणाचे छायाचित्र, मुलाचे नाव झाकून, जोडता येते.

दीक्षावरील अभ्यासक्रमांबाबत थोडे परखड लिहिणे भाग आहे. प्रमाणपत्राच्या मुदतीपूर्वी चित्रफीत एका बाजूला चालू ठेवून दुसऱ्या बाजूला वह्या तपासणे, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. त्यातून ना शिकणे होते ना भीती जाते. त्याऐवजी मोबाइलवरील अॅपमध्ये घरच्या वाय-फायवर साहित्य उतरवून घ्यावे, म्हणजे गाडीत नेटवर्क गेले तरी ते पाहता येते, आणि त्यातील एखादी कृती त्याच आठवड्यात वर्गात करून पाहावी. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड याच अॅपमधून स्कॅन करून त्या पाठाचे साहित्य आधी आपण पाहावे, मगच मुलांना दाखवावे.

व्हॉट्सअॅपच्या गटात सुप्रभाताच्या फुलांखाली शैक्षणिक प्रश्न बुडून जातात, म्हणून विषयापुरता चार-पाच जणांचा वेगळा गट करणे हिताचे. प्रश्नही नेमका विचारावा. ‘कोणी मदत करेल का?’ याला उत्तर येत नाही. ‘गुगल फॉर्ममध्ये मुलांची उत्तरे दिसतात, पण गुण दिसत नाहीत, सोबत पडद्याचे छायाचित्र आहे’ याला बहुधा मधल्या सुट्टीपर्यंत उत्तर येते.

विषयाच्या एखाद्या सभेत आपले काम दाखवण्याची वेळ येईल, तेव्हा दहा मिनिटांपुरताच एक नमुना निवडावा. सभागृहातील इंटरनेटवर विसंबू नये. मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी संगणकाला जोडून पाहावा, दस्तऐवजाची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हमध्ये ठेवावी आणि दोन छापील प्रतीही बरोबर न्याव्यात. दाखवताना कोणी पुढे येऊन ‘द्या, मी करतो’ म्हणालेच, तर त्यांना शेजारची खुर्ची द्यावी.