डावा इंडिकेटर दिला की पेट्रोल कमी!

सासऱ्यांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली ती एक खोड घेऊन. डावा इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटाही त्याच तालावर मान डोलवायचा. हेडलाइट लावले की टाकी अर्धी रिकामी! एका इलेक्ट्रिशियनने नवा मीटर बसवून पैसे घेतले, काटा नाचतच राहिला.

काटा असा नाचत असेल तर आधी अर्थिंग बघा. करंट वायरने जातो आणि पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. परतीची ही वाट गंजली की इंडिकेटर, दिवे, मीटर सगळे एकमेकांच्या वाटेत घुसतात.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल पिन डॅशमागे मीटरच्या अर्थ वायरच्या थिंबलवर (वायरच्या टोकाची, बोल्टखाली आवळलेली धातूची कडी). वायर पुरत नाही, जोडवायर लागतेच. आता दिवे आणि इंडिकेटर चालू करा. ०.१ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक. माझ्याकडे १.४ आले. थिंबलचा बोल्ट खोलला तर खाली रंग! कधीतरी गाडी रंगवताना कुणीतरी तो पत्राही रंगवून टाकला होता. बॅटरीचं कनेक्शन काढलं (निगेटिव्ह आधी), पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, थिंबल घासलं, घट्ट आवळलं आणि वरून व्हॅसलीन लावलं. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या जाड केबलची टोकंही तशीच घासली. आकडा ०.०५ वर आला.

काटा नाचत नाही, नुसता पडून आहे? मग टाकीवरच्या युनिटची (टाकीत पेट्रोल किती ते मीटरला कळवणारा भाग) वायर काढा. पुतण्याला आत बसवा, चावी फिरवायला सांगा आणि काटा कुठे आहे ते विचारा. चावी बंद करून ती वायर क्लिपने बॉडीला जोडा, मग पुन्हा चावी. काटा दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर आणि वायर शाबूत, दोष टाकीतल्या युनिटचा किंवा त्याच्या अर्थचा. हलला नाही तर डॅशकडे चला. चावी चालू असताना टाकीजवळ वायर टेकवून ठिणगी पाडायची नाही. तिथे पेट्रोलची वाफ असते.

पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदम मेले तर बहुतेक फ्यूज. चिनी मातीचे ते जुने फ्यूज दिसायला चांगले असतात, पण टोकांवर आणि त्यांना धरणाऱ्या पट्ट्यांवर हिरवट गंज धरतो. जागेवरच फिरवून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काटे उठतात. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून त्यावर तार गुंडाळणाऱ्याला मात्र गाडीजवळ फिरकू देऊ नका. वायर कुठे सोलली आहे ते शोधा. माझी डॅशखाली पत्र्याच्या भोकाच्या धारेवर घासत होती, तिथलं रबर कधीच गळून पडलं होतं.

आता इंडिकेटर दिला की काटा गप्प. वळणावर थोडा हलतो, पण ते टाकीतलं पेट्रोल हिंदकळतं म्हणून.